सुरभीची उचकी

१

भागीरथा गेली ती उचक्या देत देत. मुकुटबनच्या शेजारणी तिच्या उशाशी बसून एकेक नाव घेत होत्या. उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, आणि नेमकं त्याचं नाव निघालं की ती थांबते. लेकीचं नाव झालं, भावाचं झालं, वारलेल्या आईचंही झालं. उचकी काही थांबेना. मग झटके आले, शुद्ध हरपली, आणि यवतमाळला न्यायला आणलेली गाडी दारात उभी असतानाच सगळं संपलं. गावाने तिला त्याच दिवशी अग्नी दिला.

यवतमाळात डॉक्टर श्रीकृष्ण देशकरांना फोनवर हे कळलं, तेव्हा त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. भागीरथेच्या आतड्याचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. तिला कोणी मारलं याबद्दल त्यांच्या मनात तरी शंका उरली नव्हती.

आठवड्याभराने त्यांच्याच दुसऱ्या पेशंटला, सुरभीला, तशीच उचकी लागली, आणि त्यांनी पद्मजाला बोलावून घेतलं.

पद्मजा खानझोडे म्हणजे त्यांची कॉलेजातली मैत्रीण. नागपूरला तिने जन्मभर न्यायवैद्यक शिकवलं, म्हणजे मेलेली माणसं कशाने मेली ते शोधण्याचं शास्त्र. निवृत्त झाल्यावर तिला दुपारी उन्हात डोळे मिटून बसायची सवय लागली होती. लोकांना वाटे, बाई डुलक्या घेतायत. घेतही असे ती. पण जागेपणी न जुळलेले तुकडे तिला त्या पेंगेतच जुळलेले दिसत, म्हणून तिने ती सवय कधी मोडली नाही.

ती पोचली तेव्हा धुकं अजून विरलं नव्हतं. कापसाच्या गाड्या नुकत्याच गेल्या असाव्यात. दारव्हा रोडच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकले होते आणि सारं गाव अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटत होतं. हॉस्पिटलच्या मागेच डॉक्टरांचं घर. त्यांच्या बायकोने, आभाने, दारातच हात धरला.

"पद्मजाताई, आधी चहा. हे रात्रभर झोपले नाहीत हो."

चहाबरोबर तिळगूळही आला. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. घरोघरी हळदीकुंकवाचे दिवस. टेबलावर कुंकवाचा करंडा होता. आभाचा हात सवयीने तिकडे गेला, मध्येच थबकला, आणि तिने तो करंडा हळूच वर्तमानपत्राखाली सरकवला. पद्मजाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने तिळगूळ तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर बघितलं. अशा वेळी बाहेर बघायचं तिला आता छान जमत होतं.

२

"माझ्या आयुष्याचं काम आहे हे, पद्मजा," जिना चढताना श्रीकृष्ण म्हणाला. "ते चुकीचं निघालं तर निघालं. पण ही पोरगी अजून जिवंत आहे."

ते काम काय होतं, हे पद्मजाला ठाऊक होतं. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि जे डायलिसिसच्या मशीनवर जगतात, त्यांच्या अंगात जखम लवकर भरत नाही. अशा माणसाच्या मोठ्या आतड्याचा खराब भाग काढावा लागला, तर उरलेली टोकं जोडायला सर्जन कचरतात. टाके सुटले तर पोटात घाण पसरते. त्यापेक्षा पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावलेली बरी, असा विचार करतात. श्रीकृष्ण या विचाराशी उभा जन्म भांडला. आधी हलकं डायलिसिस, मग एका थराची सैल शिवण, मग पुन्हा डायलिसिस, असा क्रम त्याने वर्षानुवर्षं पारखून बसवला होता. त्यावर निबंध लिहिले, परदेशी सभांमध्ये बोलला, शिव्याही खाल्ल्या. त्याच्या हाताखालून गेलेली कितीतरी माणसं पिशवीशिवाय शेतात राबत होती, लग्नांत जेवत होती.

सुरभी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नुकतीच कुठे मऊ भात खायला लागलेली ही कळंबकडची तरुण बाई रात्रीपासून उचक्या देत होती. हुक्, आणि सारी खाट हलायची. नवरा ऋतिक पायाशी बसून तिच्या टाचा चोळत होता.

"काय होतंय गं?" पद्मजाने तिच्या कपाळावर हात ठेवला. कुंकू होतं, ओलसर पसरलेलं.

"पान्यात हाय मी," सुरभी डोळे न उघडता म्हणाली. "लय पानी हाय. गार. पन पेऊ देत नाई कोनी."

"सकाळपासून असंच बरळून राह्यली," ऋतिक म्हणाला. "तिच्या मायचं नाव घेतलं, बहिणीचं घेतलं. थांबूनच नाई राह्यली."

पद्मजाने पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. ताप नव्हता.

"ताप नाही याचा अर्थ काही नाही," बाहेर आल्यावर श्रीकृष्ण म्हणाला. "डायलिसिसच्या पेशंटला आत घाण होऊनही ताप येत नाही कधीकधी. स्कॅनमध्ये थोडं पाणी दिसतंय. ऑपरेशननंतर ते असतंच, आणि शिवण फुटली तरी असतं. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला आतून काही टोचलं की उचकी लागते. भागीरथेलाही असंच झालं. आज तिचं डायलिसिस होतं, ते थांबवलंय. दुपारी पोट उघडतो."

"आणि शिवण धड निघाली तर?"

"तर एका धड बाईचं पोट मी विनाकारण दुसऱ्यांदा फाडलं असेल. ते ती सोसेल असं वाटत नाही. आणि फुटलेली असताना उघडलं नाही, तरी ती जाईल. सांग, काय करू?"

असं सर्जनने विचारलं की समजावं, त्याचे हात गळाले आहेत. पद्मजाने दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला.

३

संशय घ्यायला माणसं होतीच.

पहिला डॉक्टर अभिषेक, श्रीकृष्णचा हाताखालचा सर्जन. हुशार, चटपटीत, आणि या शिवणीच्या पहिल्यापासून विरोधात. भागीरथेच्या मृत्यूची चौकशी व्हावी म्हणून वर पत्र धाडणारा तोच, अशी कुजबुज होती. पद्मजाने सरळ विचारलं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो खोटं बोलला नाही.

"हो मॅडम, मीच कळवलं. सर मला वडिलांसारखे आहेत, पण उद्या आणखी बाया गेल्या तर? मी म्हणतो, पिशवी लावा आणि जगवा."

"सुरभीला तू काही औषध दिलंस?"

"उचकीचं एक इंजेक्शन. तेही उचकी लागल्यावर, सरांसमोर."

दुसरा डायलिसिसचा तंत्रज्ञ अमर. मशीनचं पाणी बिघडलं तर माणसं दगावतात, हे त्यालाही ठाऊक होतं आणि म्हणून बिचाऱ्याची पाचावर धारण बसली होती.

"मॅडम, पाणी तपासलं मी. दोनदा. आणि पाणी खराब असतं तर सगळ्यायले नसतं झालं का? आज सकाळपासून सारे पेशंट त्याच पाण्यावर आहेत. बाप्ये तर मजेत झोपून राह्यले."

तिसरा ऋतिक. बायकोला चोरून काही खाऊ घालणारे नवरे पद्मजाने आयुष्यभर पाहिले होते. डायलिसिसच्या माणसाला मोजकं पाणी, केळं नाही, संत्रं नाही, नारळपाणी नाही. तहानेने जीव कासावीस झाला की घरचे पाघळतात.

"बाहेरचं काही खाल्लं तिनं?"

"आईची शप्पथ, नाई!" ऋतिकचे डोळे भरले. "दवाखान्यातला भात, तेवढाच. मी तं चहाही तिच्यासमोर पेत नाई."

तो खरं बोलत होता. तिघंही खरं बोलत होते, आणि त्यामुळेच पद्मजा हैराण झाली. सगळे खरे, तर मग खोटं काय होतं?

४

डायलिसिसच्या लांबट खोलीत ऊन तिरपं येत होतं. मशीनं संथ घुरघुरत होती आणि खाटांवरची माणसं आपापल्या स्वप्नांत बुडाली होती. इथे सगळ्यांना एकच स्वप्न पडतं, असं अमर म्हणाला. कुणाला विहीर दिसते, कुणाला बेंबळा धरण, कुणाला नुसता माठ. एक म्हातारे गृहस्थ झोपेतच घोट गिळल्यासारखं करत होते. पद्मजाला त्या खोलीत इतकी माया वाटली की ती पाऊल न वाजवता चालायला लागली.

बायकांच्या बाजूला दोघीच होत्या. एक विमलताई, पुसदच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. दुसरी हंसाबाई, घाटंजीकडची शेतकरीण. लांबच्या बाया आदल्या दिवशी येऊन हॉस्पिटलच्या मागच्या खोल्यांत मुक्काम करत. या दोघी कालपासून तिथेच होत्या.

"झोप झाली का विमलताई?"

"कसली झोप! रात्रभर उचकी. मुलगा पुण्यात असतो ना, आठवण काढत असेल." त्यांना त्याचा थोडा अभिमानच वाटत होता.

पद्मजा खाटेच्या कडेवर टेकली. "डॉक्टरांना सांगितलं?"

"उचकीचं काय सांगायचं डॉक्टरांना?"

"तुमच्या पोटाचं ऑपरेशन झालंय कधी?"

"नाही बाई. माझ्या पोटाला अजून कुणी हात लावला नाही."

"मग उचकी थांबली कधी?"

"मशीनवर आले, थोड्या वेळाने थांबली. त्यालाही क्लासला जायचं असेल."

जिच्या पोटात एकही टाका नाही तिला तीच उचकी. म्हणजे शिवणीचा संबंध नव्हता! आणि उचकी मशीनवर यायच्या आधीची, मशीनवर आल्यावर थांबलेली. म्हणजे मशीनचाही नव्हता. उलट रक्तातलं जे काही होतं ते मशीनने धुऊन काढलं होतं. सुरभीचं डायलिसिस आज थांबवलेलं होतं, आणि भागीरथेचं पुढचं डायलिसिस यायच्या आतच ती गेली होती.

"काल काही वेगळं खाल्लंत?"

"छे. डब्यातली पोळी, दोडक्याची भाजी. पथ्य म्हणजे पथ्य."

शेजारच्या खाटेवरून हंसाबाई टुकूटुकू बघत होती. तेच जेवण, तीच खोली, तेच पाणी. "तुम्हाला लागली का हो उचकी?" पद्मजाने विचारलं.

"मले कोन आठवते बाई!" हंसाबाई हसली. "नाई लागली."

पद्मजाने डोळे मिटले. बायांना होतं, पुरुषांना नाही. आणि बायांतही हिला नाही. ऊन पापण्यांवर पसरलं, मशीनचा आवाज दूर गेला. त्या पेंगेत तिला स्टीलच्या दोन कोऱ्या वाट्या दिसायला लागल्या. एक सुरभीच्या कपाटावर पार रिकामी होती. तशीच दुसरी, काठाला हळदीचं बोट लागलेली, विमलताईंच्या उशाशी. हंसाबाईच्या उशाशी मात्र पाण्याच्या छोट्या बाटलीशिवाय काही नव्हतं.

तिने डोळे उघडले. "हंसाबाई, काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"खोलीतच होती," हंसाबाई म्हणाली, आणि तिने नजर छताकडे वळवली. "या ताई अन् पेशंटासंगच्या बाया अंगनात गेलत्या. आमचं काय काम तिथं?"

पद्मजाला वर्तमानपत्राखाली सरकवलेला करंडा आठवला. ती ताडकन उठली.

५

"आभा, काल अंगणात हळदीकुंकू केलंस?"

आभा तुळशीपाशी फुलं वेचत होती. "दर वर्षी करते. या बिचाऱ्यांना सणाचं कोण बोलावतं? सुरभीला उठवत नव्हतं, तर तिच्या खाटेपाशी जाऊन वाण दिलं. गेल्या आठवड्यात भागीरथा घरी जायला निघाली तेव्हा तिलाही बस सुटायच्या आधी..." ती थांबली. "का हो?"

"वाटीत काय होतं?"

"तीळ नाही, बोरं नाही, ऊस नाही. यांना काय चालत नाही ते मला पाठ आहे, पद्मजाताई. पथ्याचा तक्ता स्वयंपाकघरात लावलाय. म्हणून यंदा पहिल्यांदाच मुद्दाम आपल्या झाडाचं दिलं. आंबट असतं, फोडीला मीठ न लावताही तोंडाला पाणी सुटतं. मला वाटलं, तेवढीच तहान भागेल."

तिने बोट दाखवलं. कुंपणाशी एक झाड होतं, पिवळ्याधमक फळांनी लगडलेलं. लांबट फळं, अंगावर उभ्या धारा. कोकणातल्या मावशीकडून आणलेलं कमरखाचं, म्हणजे स्टारफ्रूटचं झाड.

कमरख पोरंसोरं खातात, गर्भारणी खातात, कुणाला काही होत नाही. त्यातलं विष निरोगी किडन्या मुकाट्याने बाहेर टाकतात. पण ज्याच्या किडन्या गेल्या त्याच्या रक्तात ते साचतं आणि मेंदूकडे चढतं. आधी उचकी. मग बरळणं. मग झटके. तिने हे वाचलं होतं, एकदा शिकवलंही होतं, आणि पोरांनी जांभया दिल्या होत्या. पथ्याच्या तक्त्यात हे फळ नव्हतं. या मुलखात ते लावतं कोण?

आणि विमलताई काय, ऋतिक काय, कुणी खोटंही बोललं नव्हतं. वाण म्हणजे काही बाहेरचं खाणं नव्हे. ते ओटीत येतं, त्याला नाही म्हणत नाहीत, आणि काय खाल्लं असं कुणी विचारलं तर ते आठवतही नाही.

हॉस्पिटलच्या बाजूने स्ट्रेचरच्या चाकांचा खडखडाट आला. पद्मजा धावत सुटली.

६

सुरभीला ऑपरेशन थिएटरच्या दारात गाठलं. श्रीकृष्ण हिरव्या कपड्यांत उभा होता, चेहरा राखेसारखा.

"उघडू नकोस!" पद्मजाने दम खात सगळं सांगितलं. विमलताईंची उचकी, कोऱ्या वाट्या, हंसाबाई, झाड. झाडाचं नाव आलं तेव्हा त्याने भिंतीला हात टेकला.

"सर, हा अंदाज आहे," अभिषेक म्हणाला. "शिवण फुटली असेल तर हा वेळ परत मिळणार नाही."

"खरंय," पद्मजा म्हणाली. "पण फुटली असेल तर डायलिसिसने उचकी थांबणार नाही, आणि मग तू उघड. फुटली नसेल तर मशीनवर ती शांत होईल. विमलताईंनी थोडंसं चाखलं असेल, त्या वाचल्या. हिनं वाटी संपवलीय. श्रीकृष्णा, जन्मभर जगाला सांगत आलास की तुझी शिवण टिकते. आज एकदा स्वतःला सांग."

सुरभीने उचकी दिली. सारं स्ट्रेचर हललं.

श्रीकृष्णने डोक्यावरची टोपी काढली. "अमर, मशीन लाव. रक्त पातळ करायचं औषध घालू नकोस, न जाणो पोट उघडावं लागलं तर."

मग वाट पाहणं आलं. दुपार कलली. नळीतून सुरभीचं रक्त लाल धाग्यासारखं जात होतं, परत येत होतं. ऋतिक तिच्या टाचा सोडायला तयार नव्हता. अभिषेक दर थोड्या वेळाने तिचं पोट तपासत होता, आणि त्याचाही जीव टांगणीला लागलेला दिसत होता, म्हणून पद्मजाने त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं. उचकी येत राहिली. मग तिच्यामधली अंतरं वाढली. मग एक उचकी अशी आली की तिच्यानंतर पुढची आलीच नाही, आणि हे कुणाच्या लक्षात यायलाही वेळ लागला.

सुरभीने डोळे उघडले. "मले भूक लागली," ती म्हणाली.

श्रीकृष्ण खोलीबाहेर गेला आणि व्हरांड्याच्या खांबाला कपाळ टेकून रडला. आनंदाने रडला की भागीरथेसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

७

आभाला त्यानेच सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या निबंधात लिहा. शिवणीने नाही, बायकोच्या वाणाने गेली म्हणून लिहा. नाव घालून लिहा. कुठल्या तरी गावात अजून एखादी आभा असेलच. उद्या मी मुकुटबनला जाते. भागीरथेच्या नवऱ्याला दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगते."

"मी येतो बरोबर," श्रीकृष्ण म्हणाला.

दिवेलागणीला ती पद्मजाचा हात धरून डायलिसिसच्या खोलीत आली. मशीनवरून सुटूनही विमलताई आणि हंसाबाई सुरभीसाठी तिथेच थांबल्या होत्या. सुरभीपाशी उभी राहिली, पण तिला हात लावायचा धीर झाला नाही. विमलताईंची माफी मागितली. त्या आभाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग हंसाबाईची खाट आली. आभाला हुंदका आवरेना.

"हंसाबाई, देवानेच बुद्धी दिली मला. तुम्हाला वाण दिलं नाही, म्हणून तुम्ही तरी वाचलात."

हंसाबाई उठून बसली. घाटंजीकडची ती बारकी बाई काही रागावलेली दिसत नव्हती.

"देवाचं नाव कायले घेता बाई? तुमी मले टाळलं, म्हनून वाचली मी. वाचली ते चांगलंच झालं. पन काल खिडकीतून पाह्यत होती ना मी, तवा मले लय वाईट वाटलं. पुढच्या साली चालते असं काई करा, आन् मलेबी बलवा."

आभाने पद्मजाकडे पाहिलं, आणि सकाळचा चहा आठवून तिचा चेहरा उतरला. इतक्या संक्रांतींत पद्मजाला जे एकदाही कुणाला म्हणता आलं नव्हतं, ते हंसाबाई बोलून गेली होती. या वेळी पद्मजाने खिडकीबाहेर बघितलं नाही. तिने हंसाबाईच्या खाटेवर जागा करून घेतली, आणि थोड्या वेळाने आभाही तिथेच येऊन बसली.